मदत हवी आहे: मुलीच्या भाडेकरारात "कॅमेरा" लिहिलंय, नक्की अर्थ काय? (अर्जंट)

सांगलीकर_बाबा | दुपारी ४:१२
नमस्कार मंडळी, वेळ कमी आहे म्हणून थेट सांगतो. मुलीच्या खोलीचा भाडेकरार आलाय पीडीएफमध्ये, त्यात चार ठिकाणी कॅमेरा कॅमेरा लिहिलंय आणि एका ठिकाणी तर डबल कॅमेरा. मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपमधून काढलं तरी कॅमेराच येतंय. पोरीच्या खोलीत यांना कॅमेरा कशाला पाहिजे, आणि तोही डबल? घरमालकीणबाईला इंग्रजीतून मेसेज टाकला "व्हाय कॅमेरा", तर तिचं उत्तर "येस येस, बिग कॅमेरा, टू विंडो". म्हणजे खिडक्यांवर पण लावलेत की काय. उद्या सकाळी अकराच्या आत सही करून डिपॉझिट पाठवायचंय, नाहीतर जागा जाईल म्हणते. मुलगी फोन उचलत नाहीये. कायदेशीर अर्थ काय होतो कुणी सांगेल का. कृपया माहिती असेल त्यांनीच लिहा.

झणझणीत_तर्री | ४:२०
सही अजिबात करू नका बाबा. आमच्या भाचीच्या पीजीत असंच "सुरक्षेसाठी" म्हणून लावले होते. खोलीत गेल्या गेल्या दिवे बंद करायचे आणि मोबाईलचा टॉर्च फिरवायचा, लेन्स असेल तर चमकते. आरशाला नख लावून बघायचं, नख आणि प्रतिबिंब यात फट दिसली तर आरसा बहुधा साधा. एवढं तिला आजच सांगून ठेवा.

टोपणनाव_सुचेना | ४:२३
काका, देश कुठला? करार कुठल्या भाषेत आहे? आणि ते वाक्य जसंच्या तसं टाका ना इथे, त्याशिवाय कुणी काय सांगणार.

सांगलीकर_बाबा | ४:२६
देश कुठला याने काय फरक पडतो, कॅमेरा जगात सगळीकडे कॅमेराच असतो. युरोपात आहे. झालं?

काळा_कोट | ४:४०
२२ वर्षं सेशन्स कोर्टात प्रॅक्टिस करतोय म्हणून लिहितो. कायद्याच्या भाषेत कॅमेरा म्हणजे फोटोचा कॅमेरा नव्हेच. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. "इन कॅमेरा" म्हणजे न्यायाधीशांच्या खोलीत, बंद दाराआड. आपण वकील "चेंबर"मध्ये बसतो तो शब्दही तोच, फ्रेंचमधून फिरून आलेला. जुन्या सीआरपीसीच्या ३२७(२) मध्ये बलात्काराचा खटला इन कॅमेरा चालवावा असं होतं, पॉक्सोच्या कलम ३७ मध्येही तेच आहे, म्हणजे तिथे बाहेरच्या कुणालाही प्रवेश नाही. तेव्हा तुमच्या करारात "उभयपक्षी वाद झाल्यास सुनावणी इन कॅमेरा होईल" अशा अर्थाचं कलम असणार. घाबरण्यासारखं काही नाही.

बातमीदार_निवृत्त | ४:५५
वकीलसाहेब, कोर्टात तुमचं चालू द्या, पण आपल्याकडे बोलीत अर्थ बरोबर उलटा झालाय. "इन कॅमेरा शवविच्छेदन" म्हणजे काय? व्हिडिओ शूटिंग करून केलेलं. कोठडीत कुणी मेलं तर पोस्टमॉर्टेमचं चित्रीकरण करा असं मानवी हक्क आयोगाने १९९५ साली राज्यांना सांगितलं, आणि आम्ही त्याला इन कॅमेरा म्हणू लागलो. मी स्वतः कित्येकदा लिहिलंय "तहसीलदारांच्या उपस्थितीत इन कॅमेरा पंचनामा". नातेवाईक मोर्चा काढून मागणी करतात, इन कॅमेरा करा म्हणून, त्यांना बंद दार थोडंच हवं असतं?

काळा_कोट | ५:०१
म्हणजे तुम्ही आयुष्यभर चुकीचं लिहिलंत.

बातमीदार_निवृत्त | ५:०४
वाचकाला समजत होतं, तेवढं मला पुरे. एकाच पानावर वरच्या बातमीत इन कॅमेरा म्हणजे कुणी बघायचं नाही आणि खालच्या बातमीत इन कॅमेरा म्हणजे नंतर सगळ्यांना बघता यावं, आणि आजवर एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. हिंदीवाले बरे, सरळ "बंद कमरे में सुनवाई" लिहितात.

वसईची_सून | ५:१०
अय्या, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना "कमरा", तो पण तोच शब्द आहे!! हिंदीतला कमरा पोर्तुगीजांच्या कामारावरून आला आणि पोर्तुगीजांचा लॅटिनच्या कामेरावरून. म्हणजे "बंद कमरे में" हे इन कॅमेराचं शब्दशः भाषांतर आहे, नकळत झालेलं. पोर्तुगीज आमच्या वसईत दोनशे वर्षं बसले तरी मराठीने कमरा काही घेतला नाही, आपली खोली ती खोलीच. पण खोलीची चावी घेतली, दाराची बिजागरी घेतली, पगार घेतला, घमेलं घेतलं, तुरुंगसुद्धा त्यांचाच. माझे सासरे म्हणतात घर आपलं पण कुलूप उघडायला पोर्तुगीज लागतो. गोव्यात तर नगरपालिकेला कामारा मुनिसिपाल म्हणायचे.

झणझणीत_तर्री | ५:१३
हापूस पण त्यांचाच. अफोन्सोचा.

सांगलीकर_बाबा | ५:१५
मी आंब्याचं विचारलेलं नाही. पोर्तुगालचा काही संबंध नाही इथे, आणि कोर्टाचा तर नाहीच. साध्या खोलीचा साधा करार आहे. कॅमेरा कुठे लावलाय, कोण बघणार, एवढं कळलं तरी बास.

टोपणनाव_सुचेना | ५:१७
काका, दुसऱ्यांदा विचारतोय. देश???

स्वल्पविराम | ५:३१
देश कळेपर्यंत मूळ सांगून टाकतो, त्यातूनच उत्तर निघेल बहुतेक. ग्रीक "कमारा" म्हणजे कमानदार छत असलेली जागा. लॅटिनने तो "कामेरा" म्हणून घेतला, आधी अर्थ घुमटी छत, मग नुसती खोली. तिथून तो युरोपभर पसरला. फ्रेंच शाँब्र, इंग्रजी चेंबर, जर्मन कामर, डच कामर, स्पॅनिश कामारा, रुमेनियन कामेरा, सगळं एकाच घराण्यातलं. कुठे निजायची खोली, कुठे कोठार, कुठे व्यापारी मंडळ, कुठे संसदेचं सभागृह. हॉलंडच्या कनिष्ठ सभागृहाला "दुसरी खोली" म्हणतात, १५० लोक बसतात तिथे. इटलीचं कनिष्ठ सभागृहही कामेराच, ६३० होते, आता ४०० केलेत.

आणि फोटोचं यंत्र या यादीत सगळ्यात शेवटी येतं. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं चित्र उलटं पडतं, हे फार जुन्या काळापासून माहीत होतं. केप्लरने १६०४ मध्ये त्याला "कामेरा ऑब्स्क्युरा" म्हटलं, म्हणजे अक्षरशः अंधारी खोली. मग खोलीची पेटी झाली, पेटीत भिंग आलं, १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाल्यावर पेटीतलं चित्र पत्र्यावर टिकायला लागलं, आणि लोकांनी अंधारी गाळून नुसतं खोली म्हणायला सुरुवात केली. तुमच्या खिशातल्या फोनला मागे तीन खोल्या आहेत बघा.

इराणी_चहा | ५:४०
ग्रीक कसलं घेऊन बसलात, फारसी बघा. कमर म्हणजे कंबर, कमरपट्टा. कमान म्हणजे धनुष्य. कमारा म्हणजे कमानदार छत. तिन्ही वाकलेल्या वस्तू, तिन्ही क-म. मूळ इराणीच आहे, पश्चिमेकडच्यांना मान्य करायचं नसतं एवढंच.

स्वल्पविराम | ५:४८
कमान वेगळी, तिला इथे ओढू नका. कमर आणि कमारा यांचं नातं काही अभ्यासकांनी सुचवलंय, पण ते पक्कं मानलेलं नाही. नुसती अक्षरं जुळवून व्युत्पत्ती होत असती तर कमळ आणि कमोडही भाऊभाऊ झाले असते.

इराणी_चहा | ५:५०
टिंगल सोपी असते.

गिरणगावचा_नातू | ५:५८
थोडं अवांतर. कॉम्रेड हा शब्दही यातलाच. स्पॅनिश "कामारादा", म्हणजे एका खोलीत राहणारे शिपाई, मग त्यातला एकेकटा सोबती, फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला. माझे आजोबा कॉम्रेड डांग्यांच्या सभेला जायचे आणि राहायचे लालबागला एका खोलीत अकरा जण, पाळीपाळीने झोपायचे, एकाची पाळी सुटली की दुसरा त्याच वळकटीवर. त्यांच्याइतका अस्सल कॉम्रेड कुठला.

झणझणीत_तर्री | ६:०२
म्हणजे कॉम्रेड म्हणजे रूम पार्टनर 😂 क्रांती राहिली बाजूला, लाईट बिल कोण भरणार ते बोला.

गिरणगावचा_नातू | ६:०४
हसा हसा. संपात घर चालवून बघितलं असतंत तर हसला नसतात.

डॉक्टरीण_कझानची | ६:१५
मी रशियात एमबीबीएस केलं. तिथे कामेरा म्हणजे जेलची कोठडी पण. पहिल्या वर्षी कझानच्या स्टेशनवर उतरलो, दोन बॅगा, एक प्रेशर कुकर, बाहेर मरणाची थंडी, आणि समोर पाटी "कामेरा ख्रानेनिया". मैत्रीण म्हणाली इथे सीसीटीव्ही आहे, बॅगा बिनधास्त सोडून जाऊया. मी नको म्हटलं. ती निघाली क्लोकरूम, सामान ठेवायची खोली! सायकलच्या टायरच्या आतल्या ट्यूबलाही तिथे कामेराच म्हणतात, पंक्चरवाल्याकडे ऐकलं तेव्हा पुन्हा दचकले होते. काका, मुलगी रशियात आहे का? असेल तर थर्मल दोन जोड जास्त द्या.

पोलंडचा_पांडू | ६:२२
आमच्याकडे व्रोत्सवाफला आणखी गंमत. कामेरा म्हणजे फक्त व्हिडिओवाला, फोटोचा असेल तर अपारात. पहिल्या महिन्यात दुकानात जाऊन कामेरा कामेरा करत होतो, पोरगा एकामागून एक व्हिडिओवाले काढून दाखवतोय आणि मी मान हलवतोय. आणि मोबाईलला म्हणतात कोमूर्का. कोमोरा म्हणजे कोठी, तिचं धाकटं रूप कोमूर्का, म्हणजे छोटी कोठडी, शरीरातली पेशी पण तीच, आणि त्यावरून सेल फोन. म्हणजे पोलिश माणूस खिशात कोठडी घेऊन फिरतो आणि त्या कोठडीला पाठीमागे खोली असते.

सांगलीकर_बाबा | ६:३०
इटली इटली इटली. मिलान. एमएससीला गेलीय सप्टेंबरपासून. करार इटालियनमध्ये आहे. आता सांगा, जेलची कोठडी म्हणे, इथे बीपीची गोळी घेऊन बसलोय मी.

मिलानो_मेट्रो | ६:३४
अहो काका, हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच उत्तरात मोकळे झाला असता! इटालियनमध्ये कामेरा म्हणजे खोली. रूम. बस. सात वर्षं इथे आहे, जाहिरात वाचतो ती "कामेरा भाड्याने देणे" अशीच असते. घरमालकीण म्हणतेय खोली मोठी आहे, दोन खिडक्या आहेत. बिचारी कौतुक करतेय खोलीचं. पाळत ठेवायचा कॅमेरा असेल तर त्याला तेलेकामेरा म्हणतात, करारात तो शब्द आहे का तेवढं बघा.

काळा_कोट | ६:३६
मी ४:४० लाच खोली म्हणून लिहिलंय. वर जाऊन वाचावं.

टोपणनाव_सुचेना | ६:३७
आणि त्याच पोस्टमध्ये सुनावणीही इन कॅमेरा करून टाकलीत.

सांगलीकर_बाबा | ६:४५
तेलेकामेरा कुठेच नाही, दोनदा शोधलं. मोठ्ठं ओझं उतरलं, मिलानो दादा उपकार झाले. मग डबल कॅमेरा म्हणजे दोन खोल्या मिळणार का? त्या भावात दोन खोल्या म्हणजे चांगलंच की. मग करतो सही.

मिलानो_मेट्रो | ६:४७
थांबा थांबा. डबल म्हणजे तिथे नक्की काय लिहिलंय? त्या ओळीचा फोटो टाका. भाडं किती?

सांगलीकर_बाबा | ६:५८
(फोटो जोडला आहे)
भाडं ४३० युरो महिना.

मिलानो_मेट्रो | ७:०१
काका, फोटोत तुमचा अंगठाच जास्त आलाय. अंगठ्याच्या डावीकडे काय आहे?

सांगलीकर_बाबा | ७:०९
स्क्रीनचा फोटो दुसऱ्या मोबाईलने काढला, तसं होतं. डावीकडे "पोस्तो लेत्तो इन" असं आहे, मग कॅमेरा, मग "दोप्पिया". इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार लावलाय, चूभूद्याघ्या.

मिलानो_मेट्रो | ७:१५
मग ऐका. पोस्तो लेत्तो म्हणजे पलंगाची जागा, आपल्या मुंबईत कॉट बेसिस म्हणतात ना, तेच. कामेरा दोप्पिया म्हणजे दोघांची खोली. तिला खोली मिळत नाहीये, दोघींच्या खोलीतला एक पलंग मिळतोय. एकटीची असती तर "कामेरा सिंगोला" लिहिलं असतं. "दोप्पिया उझो सिंगोला" असाही प्रकार असतो, खोली दोघांची पण वापर एकाचा, तो महाग. तुमच्या करारात ते "उझो सिंगोला" दिसत नाही. तुमचं बोलणं काय झालं होतं?

सांगलीकर_बाबा | ७:१८
तिने मला स्वतंत्र रूम सांगितली होती. सिंगल. म्हणून तर मी कर्जाच्या हप्त्यात तेवढं धरलं.

झणझणीत_तर्री | ७:२०
बघा, मी म्हटलं होतं सही करू नका.

डब्लिनची_नर्स | ७:२४
माझ्या इथे आयरिश भाषेत खोलीला शोमरा म्हणतात, तो पण शाँब्रमधूनच आलाय म्हणे. काका, शेअरिंग वाईट नसतं. मी दोन वर्षं केरळच्या मुलीबरोबर राहिले, आता अप्पम् येतात मला.

कोकणस्थ_कॅल्क्युलेटर | ७:३०
मिलानसारख्या शहरात ४३० ला स्वतंत्र खोली मिळेल असं वाटलंच कसं? भाव बघूनच ओळखायला हवं होतं. शब्दाचं मूळ शोधत बसण्यापेक्षा आकड्याकडे बघितलं असतं तर साडेतीन तास वाचले असते सगळ्यांचे.

स्वल्पविराम | ७:३३
शब्दाचं मूळ कुणी मागितलं नव्हतं हे खरं, पण खोली हा अर्थ त्यातूनच निघाला.

मिलानो_मेट्रो | ७:४१
ते जाऊ दे. काका, काम मुद्द्याचं सांगतो. घरमालकिणीला लिहा, कामेरा सिंगोला की पोस्तो लेत्तो, एका शब्दात उत्तर द्या. दुसरं, तो करार "विद्यार्थ्यांचा" प्रकारचा आहे का बघा, सहा महिने ते तीन वर्षं मुदतीचा असतो. तिसरं, करार टॅक्स ऑफिसात तीस दिवसांत रजिस्टर होतो का विचारा. नाही म्हणाली तर डिपॉझिट पाठवू नका, पत्ता दाखवायला पुढे रजिस्टर करार उपयोगी पडतो. रेसिडेन्स परमिटचा अर्ज पोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत करायचा असतो, तो तिने केलाय ना? आणि करारात "मात्रिमोनियाले" शब्द दिसला तर घाबरून नवा धागा काढू नका, त्याचा अर्थ फक्त डबल बेड.

सांगलीकर_बाबा | ७:४४
मात्रिमोनियाले नाहीये. शोधलं आत्ताच.

वसईची_सून | ७:५०
मागच्या वर्षी पोप निवडायचं कॉन्क्लेव्ह झालं ना, तोही खोलीचाच शब्द आहे. लॅटिनमध्ये "चावीसकट", म्हणजे कुलूप लावता येईल अशी खोली. क्लाविस म्हणजे किल्ली, त्यावरून पोर्तुगीज शाव्ही आणि आपली चावी. आणि पोप वारल्यावर सगळा कारभार बघतो त्याला कामेरलेंगो म्हणतात, म्हणजे खोलीवाला. खोली पण तीच, चावी पण तीच, मला हे सांगितल्याशिवाय राहवेना.

काळा_कोट | ७:५५
म्हणजे कॉन्क्लेव्ह ही खरी इन कॅमेरा.

बातमीदार_निवृत्त | ७:५७
आणि आमच्या अर्थाने अजिबात नाही. फोन काढून घेतात आत जाताना.

सांगलीकर_बाबा | रात्री ९:४०
फोन आला मुलीचा. लॅबमध्ये होती म्हणून उचलला नाही. तिला सगळं माहीत आहे. स्वतंत्र खोली सातशेच्या पुढे सांगत होते म्हणून तिनेच हा पलंग ठरवला, खोलीतली दुसरी मुलगी तिच्याच वर्गातली, नागपूरची निघाली. परमिटचा अर्ज केलाय. करार रजिस्टर करते म्हणालीय मालकीण. मला सांगितलं नाही कारण मी "माझी मुलगी शेअरिंगमध्ये राहणार नाही" असं मागे बोललो होतो म्हणे. मला आठवत नाही. हिला मात्र पंधरा दिवसांपासून माहीत होतं, आणि मी इथे दुपारपासून कॅमेरा कॅमेरा करत असताना शेजारच्या खोलीत मालिका बघत होती.

गिरणगावचा_नातू | ९:४६
मग झाली की कॉम्रेड.

इराणी_चहा | ९:५२
कमर आणि कमाराबद्दल कुणाला खरंच चर्चा करायची असेल तर मी वेगळा धागा काढतोय.

झणझणीत_तर्री | ९:५५
सगळं ठीक बाबा, पण खोलीत गेल्यावर आरशाला नख लावून बघायला सांगा.

सांगलीकर_बाबा | १०:०३
सांगितलंय. दोघींनी बघितलं. फट आहे.